उजेडाची भाकर

माझी सून रोशनी लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा तिच्या सामानात एक समुद्र होता. लोक रुखवतात ताटं-वाट्या मांडतात, हिनं आमच्या नाचणगावात काचेची पेटी आणली. आत खारं पाणी, दगड, पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा आणि एक समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी आहे, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. ते दगडाला बूड चिकटवून बसतं. वर बोटाएवढ्या तांबूस कांड्यांचा झुबका असतो आणि प्रत्येक कांडीच्या टोकाला एक फुगा. कांड्या दिवसभर डुलतात आणि मासा त्यांच्यात शिरून लोळत राहतो. जिथे उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो तिथे समुद्र कशाला पाहिजे, असं मी माझ्या मुलाला, नागसेनला, तिच्यादेखतच विचारलं होतं. तो हसला. तो भुसावळला रेल्वेत आहे. सुटी मिळाली की येतो, हसतो आणि परत जातो.

मी कमला. अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली आणि आता मलाच गाडीचा हॉर्न वाजवून बाजूला व्हायला सांगतात. कुणाला किती चारायचं आणि कसं चारायचं, हे मला कुणी शिकवू नये, असा माझा स्वभाव आहे. गल्लीतल्या सगळ्यांना तो माहीत आहे. समुद्रफुलाला माहीत नव्हता.

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोशनी पुलगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सकाळी कामावर जायच्या आधी ती मला न्हाऊ घालायची, पायाला आधार देऊन खुर्चीत बसवायची आणि माझी वेणी घालायची. जन्मभर मी दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली, वेण्या घातल्या. माझी वेणी आई गेल्यापासून कुणी घातली नव्हती. एकदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर तिनं विचारलं, "साबण गेला का, आई?" मी म्हटलं, "हो, साबणच गेला."

आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. सरपंचाचे मानतात, साहेबांचे मानतात, हार-नारळ देऊन मानतात, माइक सोडत नाहीत इतके मानतात. घरच्याला मात्र म्हणायचं नाही, म्हटलं तर परकं केल्यासारखं होतं म्हणे. कुणी काढली ही रीत कोण जाणे. पण मी ती पाळली, आणि मनात ते साठून राहिलं.

यंदा एप्रिल महिना लागला आणि चंद्रपूरहून फोन आला. रोशनीची आई न्हाणीत घसरून पडली, कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग अंथरूण. रोशनीनं लगेच बॅग भरली. निघण्याआधी तिनं मला पेटीसमोर उभं केलं.

"आई, दोन-तीन दिवसांआड झिंग्याचा एक तुकडा. हरभऱ्याएवढा. या चिमट्यानं त्याच्या अंगावर ठेवजा, ते आपलं आपण तोंडात घेते. पाणी उडून कमी झालं की या कॅनमधलं साधं पाणी टाकजा, मिठाचं नाई. अन् हा काटा या लाल खुणेच्या वर जाऊ देऊ नका. पाणी तापलं तं ते जगत नाई."

काचेवर आतून तापमापी चिकटवलेली होती आणि तिनं नेलपॉलिशनं बाहेरून खूण केली होती.

"अन् हा दिवा?" मी विचारलं. पेटीच्या झाकणात निळसर पांढरा दिवा होता, डोळ्यांत घुसणारा.

"दिव्याले हात लावाचं काम नाई. तो आपला आपण लागते, आपला आपण बंद होते."

मग दारात चपला घालता घालता म्हणाली, "आई, तुमी होत्या म्हणून चालली मी. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर ठेवलं नसतं ते."

या घरात आल्यापासून तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. साडी नाही, सोनं नाही, आराम नाही. हे पहिलं मागणं होतं. ती परत येईल तेव्हा ते फूल जसंच्या तसं डुलत असलं पाहिजे, असं मी ठरवलं. वेणीचं, न्हाऊ घातल्याचं, सगळ्याचं माझ्याकडून काहीतरी व्हायचं असेल तर ते यातूनच व्हायचं होतं.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. झिंग्याचा तुकडा अंगावर ठेवला की कांड्या हळूहळू मिटायच्या, तुकडा आत ओढून घ्यायच्या आणि फूल मुठीएवढं होऊन बसायचं. जेवताना तोंड झाकून घेणाऱ्या पाहुणीसारखं. मला गंमत वाटू लागली. माशाला मी चिंगी म्हणायला लागले. चिंगी नर आहे की मादी, देव जाणे. आमच्या घरात देव नाही, म्हणून कुणीच जाणत नाही.

मग ऊन चढलं. वर्धेचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. सकाळी दहाच्या आत आम्ही दारं-खिडक्या लावून घेतो, हिरवी जाळी सोडतो, पडदे ओढतो आणि अंधारात कूलरसमोर पडून राहतो. दुपारी कुणाच्या घरात दिवा दिसला तर शेजारी विचारतात, काय झालं, कुणी आजारी आहे का. एका दुपारी पेटीजवळ गेले तर काटा लाल खुणेच्या पुढे सरकलेला. झाकणाला हात लावला तर तव्यासारखं गरम. दिवा भक्क पेटलेला. बिचाऱ्या जिवाच्या डोक्यावर भर उन्हाळ्यात हा सूर्य, मी म्हटलं.

हात लावायचं काम नाही, असं ती म्हणाली होती. पण तिनं ते गरज पडणार नाही अशा अर्थानं म्हटलं, आणि आता तर गरज पडली होती. मी जे केलं ते आमच्याकडे कुणीही केलं असतं. भिंतीवरचं दिव्याचं बटण बंद केलं. रांजणाला गुंडाळतो तसं पेटीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, खाली परात ठेवली आणि दिवसातून चार वेळा त्यावर पाणी शिंपडत राहिले. संध्याकाळपर्यंत काटा खुणेच्या खाली आला. मी इतकी खूश झाले की स्वतःसाठी पुन्हा चहा ठेवला.

रोशनीचा फोन आला. "फूल कसं आहे, आई?"

"मस्त थंडगार आहे. तू आईकडे पाह्य."

ती म्हणाली, "बरं. तुमी जपजा. लय ऊन आहे तिकडे."

असे बरेच दिवस गेले. गोणपाट मी फक्त चारण्यापुरतं वर करायची, टॉर्च लावायची, तुकडा ठेवायची आणि पुन्हा झाकायची. झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं काढून बघू नये, असं मी नव्या आयांना सांगत आलेली बाई.

बुद्धपौर्णिमेला मी पांढरी साडी नेसून विहारात गेले. वंदना झाली, खीर वाटायला मी उभी राहिले. घरी आले तेव्हा मन प्रसन्न होतं. खिडकीचा पडदा सारला आणि म्हटलं, आज सणाचा दिवस, फूल नीट पाहू तरी. गोणपाट काढलं आणि हातातला खिरीचा डबा खाली ठेवावा लागला.

फूल निम्मं झालं होतं. टोकांचे फुगे गेलेले, कांड्या बारीक, आणि तांबूस रंग उडून ते सोललेल्या लसणासारखं पांढरं पडलं होतं. चिंगी त्याच्या बाजूला तोंड वासून उभी होती, आत शिरत नव्हती.

सुकलेलं पोर मी फाटकातून ओळखते. दंड मोजावा लागत नाही, वजनकाटा लागत नाही. हे फूल सुकलं होतं. भुकेनं सुकलं होतं. माझ्या घरात, माझ्या हाताखाली कुणी उपाशी राहिलं, या विचारानं मला जी लाज वाटली ती सांगता येत नाही. आणि लाज वाटली की मी कामाला लागते.

दुसऱ्या दिवशी ऑटोनं पुलगावच्या बाजारात जाऊन ताजे झिंगे आणले. अंगणवाडीचा नियम, थोडं-थोडं पण वारंवार. मी दिवसातून तीनदा चारायला लागले. फूल घ्यायचं. मी म्हणायची, शाब्बास. तासाभरानं पाहावं तर तुकडा चिकट, बुळबुळीत होऊन बाहेर पडलेला. मी तो काढून दुसरा ठेवायची. पोरंही ओकतात, म्हणून आपण चारणं सोडत नाही. पाण्याला वास यायला लागला, काच धुरकट झाली, आणि फूल रोज आणखी बारीक होत गेलं. फोनवर मी रोज सांगत होते, "खाते न, चांगलं खाते," आणि ती व्हिडिओ लावा म्हणाली की, "नेट नाई चालून राह्यलं."

मग एका सकाळी ते दगडावर नव्हतंच. मी दगड हलवून पाहिले, हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात घातला. ते वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटलं होतं, खिडकीच्या अंगाला, जिथून पडद्याच्या फटीतून एक उजेडाची रेघ आत येत होती. एवढं लांब ते पाय नसताना सरकत गेलं होतं. मला वाटलं, ते घर सोडून निघालं. मी पेटीसमोर स्टुलावर बसले आणि रडले. त्या फुलासाठी रडले आणि माझ्यासाठीही रडले, कारण मला एकच काम नीट करायचं होतं.

डोळे पुसून मी रोशनीला व्हिडिओ लावला आणि ती काही बोलायच्या आत मोबाईल काचेला लावून धरला.

"पाह्य, काय केलं मी. मी तुले खोटं बोलली. मस्त नाई आहे ते. मरून राह्यलं."

ती ओरडेल असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर ओरडले असते. तिनं मोबाईल जवळ घेऊन हळू आवाजात विचारलं, "तोंड उघडं आहे का मिटलेलं?"

"मिटलेलं."

"मंग मेलं नाई. आई, रडू नका. तुमी दिवा बंद केला न?"

"केला. पाणी तापत होतं बाप्पा. त्याच्या भल्यासाठीच केला."

"समजलं मले. चूक माही आहे, मी तुमाले सांगतलंच नाई. आई, ते उजेड खाते."

"काय खाते?"

"उजेड. त्याच्या अंगात बारीक शेवाळ राह्यते, डोयानं दिसत नाई. त्याच शेवाळानं त्याले तांबूस रंग येते. शेवाळाले उजेड भेटला की ते अन्न तयार करते अन् याले खाऊ घालते. अंधारात शेवाळ गेलं म्हणून हे पांढरं पडलं. उजेड त्याची भाकर आहे. झिंगा म्हणजे तोंडी लावाले."

मी खालीच बसले. म्हणजे मी त्या लेकराच्या समोरून भाकर उचलून नेली होती आणि वर दिवसातून तीनदा नुसती चटणी त्याच्या तोंडात कोंबत होते. ओकणार नाही तर काय करेल? आणि ते काचेवर चढलं ते घर सोडून जायला नाही, पडद्याच्या फटीतल्या एका रेघेकडे चाललं होतं. भुकेलं पोर चुलीकडे सरकतं तसं. हे समजलं आणि मला त्याच्याबद्दल जी माया वाटली ती तोवर वाटली नव्हती.

"लावते मी आताच दिवा. दिवसभर लावते," मी उठत म्हटलं.

"थांबा, थांबा! एकदम नाई. आता ते अशक्त आहे, पूर्ण उजेड सोसाचा नाई त्याले, पोळून जाईन. आज थोडा वेळ, उद्या थोडा जास्त. अन् झिंगा आठवड्यातून दोनदाच, मुगाएवढा."

हे मात्र मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. उपासमारीतून आलेल्या पोराला पहिल्या दिवशी भरलं ताट द्यायचं नसतं. चमचा-चमचा द्यायचं, पोट सवयीला येऊ द्यायचं. अर्ध्या गल्लीला मी तसंच उभं केलं आहे. आता उजेड चमच्यानं द्यायचा होता, एवढंच.

रोशनीनं चंद्रपूरहून सांगितलं तसं मी पाणी थोडं-थोडं बदललं, तिनं कालवून ठेवलेलं खारं पाणी वापरलं. गोणपाट काढून फेकलं. झाकण वर उचलून टेबलफॅन पाण्यावर सोडला आणि काटा चढला की बर्फाची बाटली पाण्यात तरंगत ठेवायची. दिवा सकाळी थोडा वेळ, मग बंद, दुपारी पुन्हा थोडा वेळ. फूल काचेवरून परत दगडाच्या खाचेत आलं. पांढरं होतं, बारीक होतं, पण दिवा लागला की कांड्या लांब करायचं, हातावर हात ठेवून वाट पाहत बसल्यासारखं नाही, हात पुढे करून.

आणि मग नवतपा, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला आणि फेज गेला.

आमच्या गल्लीत लाइन जाते तेव्हा सगळ्यांची जात नाही. डीपीवरचा, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फेज उडाला की एका ओळीतली घरं अंधारात आणि समोरची कूलर लावून बसलेली. मग ज्यांच्याकडे आहे ते ज्यांच्याकडे नाही त्यांना वायर देतात. गल्लीवरून वायरी टाकतात, खिडकीतून खिडकीत. ही इथली पद्धत आहे आणि तिला कुणी उपकार म्हणत नाही. यावेळी माझा फेज गेला आणि समोरच्या किसनरावांचा चालू होता.

किसनराव आणि मी दोन उन्हाळे बोलत नव्हतो. माझ्या न्हाणीचं पाणी त्यांच्या गोठ्यासमोरून वाहतं, असं त्यांनी ग्रामसभेत सांगितलं होतं. त्यांच्या म्हशी माझ्या न्हाणीपेक्षा जास्त पाणी सांडतात, असं मी ग्रामसभेतच सांगितलं होतं. तेव्हापासून ते माझ्या दारासमोरून जाताना आभाळाकडे बघतात आणि मी जमिनीकडे.

लाइनवाले म्हणाले, सामान यायचं आहे, उद्यापर्यंत थांबा. पेटीतली पाणी फिरवणारी मोटर बंद, पंखा बंद, दिवा बंद. बॅटरीवरची एक छोटी मशीन बुडबुडे सोडत होती तेवढीच. काटा चढत होता. कालच कुठे त्या फुलाच्या बुडाशी जरासा तांबूस रंग आल्यासारखा मला वाटला होता, आणि आज पुन्हा अंधार. मी पुन्हा-पुन्हा दारापर्यंत गेले आणि परत आले. किसनरावांचा कूलर मला माझ्या घरात ऐकू येत होता. माणसाच्या नाकाला किती किंमत असते, हे मला त्या दुपारी कळलं. एक जीव मरत होता आणि मी नाक जपत उभी होते.

शेवटी पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात रस्ता ओलांडला. त्यांच्या दारात पोचायच्या आत दार उघडलं. किसनराव वायरचं वेटोळं खांद्यावर टाकून उभे होते.

"बोलाचं नसन तं नका बोलू," ते म्हणाले. "वायर धरा."

मी धरली. त्यांनी शिडी लावून ती निंबाच्या फांदीवरून उंच घेतली, ट्रॅक्टर जाईल एवढी, आणि माझ्या खिडकीच्या जाळीतून आत सोडली.

"कूलर नका लावू फक्त," ते खाली उतरत म्हणाले. "माह्या वायरिंगचा तेवढा दम नाई. काय लावाचं आहे? पंखा?"

"एक दिवा, एक मोटर अन् पेटीवरचा पंखा. त्या फुलासाठी, किसनभाऊ. सुनेचं आहे. माह्या हातून मरून राह्यलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी पाहिलं. मग आत गेले आणि बर्फाच्या दोन बाटल्या घेऊन आले. "फ्रिजही बंद असन न तुमचा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी लाइन येईपर्यंत ते सारख्या बाटल्या बदलून देत राहिले, आणि मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, घामानं निथळत पेटीसमोर बसून होते. रात्री त्यांनी मला अंगणात खाट टाकून झोपायला सांगितलं. मी नाही ऐकलं. दिवा ठरल्या वेळी लागला, ठरल्या वेळी बंद झाला. फुलानं कांड्या लांब केल्या. एकदा चिंगी आत शिरली, घाबरून बाहेर आली, पुन्हा शिरली.

वायर काढायला किसनराव आले तेव्हा मी त्यांना कैरीचं पन्हं दिलं आणि म्हटलं, "भाऊ, तुमचे आभार मानते मी." ते इतके गोंधळले की पन्हं न पिताच पेला परत देऊ लागले. घरच्यासारख्या माणसाचे आभार मानले की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. काही वाईट होत नाही. माणूस लाजतो, एवढंच.

रोशनीची आई वॉकर धरून चालायला लागली आणि रोशनी परत आली. मी सकाळपासून काच पुसत होते. दिव्याचं बटण मी आता बंद करत नव्हते, तो पुन्हा आपल्या वेळेवर लागत होता. फूल पूर्वीएवढं नव्हतं, अर्ध्याहून थोडं जास्त असेल. पण पांढरं नव्हतं. बुडापासून वर फिकट चहासारखा रंग चढला होता आणि एक-दोन कांड्यांच्या टोकाला फुगाही आला होता. मी मनात वाक्यं जुळवत होते.

ती फाटकातून आत यायच्या आधीच समोरच्या ओट्यावरून किसनराव बोलले. "आली का वं रोशनी? तुह्या सासूले सांग काही. फेज गेलता तं त्या फुलासाठी दोन दिवस कूलर न लावता बसली घरात. नवतप्यात! मले वाटलं, आता हिलेच दवाखान्यात न्या लागते."

रोशनी आत आली ती पेटीकडे गेलीच नाही. बॅग टाकली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला मी इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आई, काय आहे हे? बिना कूलरचं बसल्या तुमी? अन् मले फोनवर सगळं ठीक आहे, ठीक आहे! काही झालं असतं तं?"

"अवं, एका रात्रीचा प्रश्न होता. ते मेलं असतं न."

"मेलं असतं तं मेलं असतं!" ती ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. "मी तं ते केव्हाच सोडलं होतं!"

मला कळलं नाही. "केव्हाच म्हणजे?"

ती स्टुलावर बसली. पदरानं तोंड पुसावं तसं ओढणीनं तोंड पुसलं.

"दिव्याचं सगळं मोबाईलवर दिसते, आई. तुमी पहिल्यांदा बटण बंद केलं तवाच मले चंद्रपुरात दिसलं. रोज पाहत होती मी. बंदच. बंदच."

"मंग सांगतलं काऊन नाई मले? एक फोन केला असता तं..."

"मले वाटलं तुमाले गरम होऊन राह्यलं असन. तो दिवा खोली तापवते, डोयात जाते. तुमचं वय, एवढं ऊन, अन् घरात दुसरं कोणी नाई. मी लावा म्हटलं असतं तं तुमी लावला असता, अन् तशाच उकड्यात बसल्या असत्या. मले माहीत आहे न तुमचा स्वभाव. म्हणून म्हटलं, जाऊ दे. फूल गेलं तं दुसरं आणता येते." तिनं ओढणी नीट केली. "रडली मी एक दिवस. मंग नाई रडली."

 ते फूल तिनं कॉलेजात असताना नागपूरला नखाएवढं घेतलं होतं, हे मला माहीत होतं. ते तिनं चंद्रपुरात आईच्या उशाशी बसून, मोबाईलकडे पाहत, माझ्यासाठी सोडून दिलं होतं. मला न सांगता. आणि मी रोज फोनवर मस्त आहे म्हणत होते, तेव्हा ती "तुमी जपजा" म्हणत होती.

मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरले. तिच्याजवळ गेले आणि तिचं डोकं माझ्या पोटाशी धरलं. प्रवासानं तिचे केस धुळीनं भरले होते.

"रोशनी," मी म्हटलं, "या घरात तू आली, लय बरं झालं माय. मी तुले हे कधी म्हटलं नाई. माह्या दुखण्यात तू केलं ते, अन् हे. मी तुही आभारी आहे."

"असं काय बोलता, आई," ती माझ्या पदरात बोलली. "घरात कोणी म्हणते का असं?"

"मी म्हणते," मी म्हटलं.

तिनं नाक ओढलं. मग झाकणातला दिवा आपला आपण लागला, आणि आम्ही दोघींनी वळून पाहिलं.